डिकीतला सहा सीडींचा चेंजर: दुरुस्तीनंतर वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगते. बाबांच्या जुन्या गाडीच्या डिकीत बसवलेला सहा सीडींचा चेंजर मी गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून तो जवळजवळ रोज वाजतो आहे. घरात सीडींचा साठा असेल तर असा चेंजर बंद पडला म्हणून लगेच उपटून टाकू नये, असं माझं आता ठाम मत आहे. यंत्र म्हणून तो उत्तम आहे. त्याची सोय मात्र सगळ्यांना मानवेल अशी नाही, आणि त्याला हात लावणारी जाणती माणसं कमी उरली आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंजर म्हणजे डिकीच्या बाजूच्या पत्र्याला किंवा सीटखाली बसवलेला एक पत्र्याचा डबा. त्याला एक सरकती खिडकी आणि मॅगझिन बाहेर काढायचं एक बटण, बाकी काही नाही. मॅगझिनमध्ये सहा पातळ ट्रे असतात, प्रत्येकात एक सीडी. आत एक छोटी लिफ्ट असते. ती हव्या त्या ट्रेच्या उंचीवर जाऊन थांबते, ट्रे आत ओढून घेते, सीडी फिरणाऱ्या चकतीवर दाबून बसवते आणि लेसर तिच्याखाली येतो. हुकूम डॅशबोर्डवरच्या रेडिओचा. एका जाड केबलमधून वीज, हुकूम आणि आवाज अशी तिन्हींची ये-जा चालते. प्रत्येक सीडी ७४ मिनिटांची धरली तर सहा सीडींचे ७ तास २४ मिनिटं होतात. बाबा लांबच्या प्रवासाला निघताना मॅगझिन भरून ठेवत, आणि मग दिवसभर त्याकडे बघावं लागत नसे.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा चेंजरच्या चार तक्रारी होत्या. गार सकाळी रेडिओवर सीडी नसल्याचा संदेश यायचा, आणि अर्धा तास गाडी चालून आत ऊब आली की तोच चेंजर आपणहून वाजायला लागायचा. चौथ्या कप्प्यातली सीडी कधीच लागायची नाही. रस्ता जरा खडबडीत आला की गाणं तुटायचं. आणि या सगळ्याच्या मागे एक बारीक शिट्टी असायची. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा स्वर चढायचा, सोडला की उतरायचा.

गाड्यांची ऑडिओची कामं करणाऱ्या एका दुकानात दाखवलं, तर त्यांनी झाकणसुद्धा न उघडता चारही तक्रारींना एकच उत्तर दिलं. लेसर गेलाय, काढून टाका, मोबाइल जोडून देतो. मला ते पटलं नाही. मी गेली बावीस वर्षं शिलाई मशीनवर काम करते. गार सकाळी जड चालणारं आणि तासाभराने हलकं होणारं यंत्र माझ्या चांगलं ओळखीचं आहे. तिथे सुई बदलून काही होत नाही. आत कुठेतरी तेलाचा चिकटा झालेला असतो.

त्यानंतर एका ओळखीच्या माणसाने रेडिओ आणि टेप दुरुस्त करणाऱ्या एका काकांचा फोन नंबर दिला. त्यांच्या कामाबद्दल मी मनापासून चांगलं लिहिणार आहे. त्याची सुरुवात त्यांच्या पहिल्या फोनपासूनच झाली. त्यांनी "घेऊन या" असं म्हटलंच नाही. त्यांनी प्रश्न विचारले. सकाळी की दुपारी? कितवा कप्पा? पहिलंच गाणं लागत नाही की शेवटची तुटतात? घरी लिहिलेली सीडी की विकत घेतलेली? आणि मग म्हणाले, "ताई, येण्याआधी एक काम करा. चौथ्या कप्प्यातली सीडी दुसऱ्यात घाला आणि दुसऱ्यातली चौथ्यात. काय होतं ते लिहून ठेवा."

ही तपासणी कोणालाही घरी करता येते, आणि माझ्या मते चेंजरच्या बाबतीत ती सगळ्यात मोलाची आहे. बिघाड सीडीबरोबर दुसऱ्या कप्प्यात गेला तर दोष सीडीचा. बिघाड चौथ्या कप्प्यातच राहिला तर दोष त्या ट्रेचा किंवा लिफ्टचा. त्याच कंपनीचं, त्याच बनावटीचं दुसरं मॅगझिन कोणाकडून मिळालं तर तेही घालून बघायचं. दुसऱ्या मॅगझिनच्या चौथ्या कप्प्यातली सीडी लागली, तर लिफ्ट निर्दोष आणि आपलं मॅगझिन दोषी. कुठलंही झाकण न उघडता एवढं कळतं. आमच्याकडे सीडी बदलली तरी चौथा कप्पा रुसलेलाच राहिला. म्हणजे निदान त्या तक्रारीचा तरी लेसरशी काही संबंध नव्हता, आणि पहिल्या दुकानाचं निदान तिथेच डळमळीत झालं.

काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती कान देऊन ऐकायची. डिकी उघडी ठेवायची, इंजिन बंद, फक्त किल्ली फिरवलेली, आणि दुसऱ्या माणसाने रेडिओवरून सीडी मागायची. निरोगी चेंजरचे आवाज ठरावीक क्रमाने येतात. लिफ्टची घरघर, ट्रे ओढल्याचा सरकता आवाज, सीडी दाबून बसल्याचा एक टक, मग लेन्स जागा शोधते तेव्हाची अगदी बारीक टिकटिक, आणि शेवटी सीडी फिरल्याचा हलका सूं. आवाज कुठे तुटतो त्यावरून बिघाड कुठे हे निम्मं समजतं. लिफ्ट फिरतच राहिली तर तिला आपली जागा सापडत नाही. टक झाला पण सूं आला नाही, तर लेन्सला सीडी दिसत नाही किंवा मोटर फिरत नाही. आणि काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग केबलची दोन्ही टोकं. डिकीत पाणी झिरपत असेल तर केबलच्या टोकाच्या पिना हिरवट पडतात. केबल सीटच्या रुळाखालून गेली असेल तर ती तिथे चेंगरलेली असू शकते. रेडिओला चेंजर जोडलेला आहे हेच कळत नसेल, तर लेसरबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे गार सकाळी टक यायचा, मग एक दबलेली कुरकुर, आणि मग शांतता. ही कुरकुर मी फोनवर तोंडाने काढून दाखवली, आणि काका म्हणाले की लेसरची गाडी रुळावर अडकते आहे, उद्या या.

चेंजर एकटा टेबलावर चालत नाही, हुकूम द्यायला रेडिओ लागतो. म्हणून काकांनी डबा सोडून न आणता गाडीच घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांनी चार बोल्ट सोडून डबा डिकीत आडवा ठेवला, केबल जोडलेलीच ठेवली, वरचं झाकण काढलं आणि शेजारी जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर रेषांनी दाखवणारं यंत्र, मांडला. झाकण काढल्यावर त्यांनी मला पहिली गोष्ट बजावली ती ही, की वरून लेन्सकडे डोळा लावायचा नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे अवरक्त. डोळ्याला तो नीट दिसत नाही, आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. बंद डब्यात तो निर्धोक आहे, उघड्या डब्यात नाही. लेसर चालू आहे का हे डोळ्याने बघण्याची गरजच नसते, ते मोजता येतं.

आणि त्यांनी ते मोजून दाखवलं. दुपारची वेळ होती, डबा उबदार होता, सीडी लागली. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरव्या रेषांची एक जाळी उभी राहिली, एकाला एक लागून बसवलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन, मधली भोकं स्वच्छ. सीडीवरच्या लहानमोठ्या खड्ड्यांवरून परत आलेल्या उजेडाचा हा आलेख. लेसर थकला की जाळीची उंची कमी होते. लेन्स मळली की भोकं धूसर होतात. आमची जाळी उंच होती, थोडीशी धूसर होती. काका पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "लेसर ठणठणीत आहे. पाय अडकलेत त्याचे." पहिल्या दुकानाने हा पंधरा मिनिटांचा वेळ दिला असता तर मला तिथूनच बरी बातमी मिळाली असती.

आता पाय का अडकले ते. सीडी ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. कुठल्या गाण्याची सुरुवात कुठे आहे याची यादी सगळ्यात आतल्या कडेला असते. त्यामुळे प्रत्येक नवी सीडी आली की लेसरला आधी पार आत, मध्याजवळ जावं लागतं. तिथे एक इवलासा स्विच असतो. तो दाबला गेला की यंत्राला कळतं की आपण सुरुवातीला पोचलो. लेसर ज्या दांडीवर आणि दातेरी पट्टीवर सरकतो त्यांना कारखान्यात ग्रीस लावलेलं असतं. वीसेक वर्षांत त्यातलं तेल निघून जातं आणि मेणासारखा थर उरतो. ऊब असेल तर तो मऊ पडतो, गारव्यात घट्ट होतो. मोटर बिचारी ढकलते, लेसर स्विचपर्यंत पोचत नाही, ठरलेला वेळ संपतो, आणि यंत्र यादी मिळाली नाही असं धरून सीडी नसल्याचा संदेश देतं. सीडी आहे, लेसर आहे, मधली वाट बंद आहे.

मी लगेच माझ्या पिशवीतली शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पुढे केली. काकांनी ती परत माझ्या हातात दिली. हे पातळ तेल इथे नको, म्हणाले. बंद गाडी तापली की ते पसरतं, आणि इथून लेन्स बोटभर अंतरावर आहे. शिवाय काही प्लास्टिकला खनिज तेल मानवत नाही, दाते ठिसूळ होतात. माझ्या मशीनमध्ये लोखंडावर लोखंड घासतं, तिथे ते तेल बरोबर. इथे पोलादी दांडीवर प्लास्टिक सरकतं. हा फरक मला कोणी समजावून सांगितला नसता तर मी घरी तेच तेल घातलं असतं.

त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काड्यांनी जुना थर काढला. अकरा काड्या तपकिरी झाल्या, बारावी पांढरी राहिली तेव्हा ते थांबले. मग प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस टाचणीच्या टोकाने, इतकं थोडं की लावलं की नाही अशी शंका यावी. दांडीवर पुसटसा हात, दात्यांवर चार ठिकाणी ठिपका. मग लेसरची गाडी बोटाने दोन्ही टोकांना सरकवून बघितली. सरकवताना त्यांनी लेसरला वीज आणि हुकूम पोचवणारी पट्टी केबलही भिंगातून तपासली. ही केबल लेसरबरोबर सतत वाकते, आणि तिच्यातली एखादी रेघ तडकली तर सीडीची सुरुवातीची गाणी नीट लागतात आणि लेसर एका ठरावीक जागी बाहेर आला की आवाज जातो. आमची केबल चांगली होती.

लेन्सबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नुकसान सर्वात जास्त इथेच होतं. लेन्स हा मण्याएवढा तुकडा आहे, आणि तो बारीक तारांवर अधांतरी तरंगत असतो. त्याला वरखाली आणि आडवं हलायचं असतं, कारण सीडीवरच्या ओळींमधलं अंतर आहे १.६ मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेवर ओळी. काडीने जोर दिला की तारा वाकतात आणि ते नुकसान भरून येत नाही. काकांनी आधी रबरी फुग्याने हवा मारली, मग अल्कोहोलची काडी झटकून जवळजवळ कोरडी केली आणि लेन्सवर नुसती टेकवून एकदा गोल फिरवली. मग कोरडी काडी, तशीच. तोंडाने फुंकर नाही, कारण थुंकीचे कण बसतात. ॲसिटोन तर अजिबात नाही, प्लास्टिकची लेन्स त्याने कायमची आंधळी होते. लेसरच्या बाजूला एक लहानसा फिरवायचा स्क्रू असतो, त्याने उजेडाची ताकद वाढते. काही जण जुना लेसर वाजता करायला तो फिरवतात. काकांनी सांगितलं की मोजमाप केल्याशिवाय त्याला कोणी हात लावला तर लेसर काही दिवस जोरात वाजून कायमचा संपतो.

छोटे ब्रश लावलेली लेन्स साफ करायची सीडी बाजारात मिळते. ती मी आधी दोनदा घालून बघितली होती. तिने फरक पडला नाही आणि ब्रशचा एक केस आत सापडला. घरच्या प्लेअरमध्ये तिचा उपयोग होत असेल. चेंजरमध्ये ट्रे, लिफ्ट आणि दाबपट्टी यांच्यामध्ये जागा इतकी कमी असते की मी ती पुन्हा घालणार नाही.

चौथ्या कप्प्याचं उत्तर साधं निघालं. ट्रेला मागच्या बाजूला एक नखाएवढा कान असतो, यंत्र त्याला पकडून ट्रे आत ओढतं. आमच्या चौथ्या ट्रेचा तो कान तडकलेला होता. प्लास्टिकचा इतका बारीक भाग चिकटवून टिकत नाही. काकांकडे एका मोडीत काढलेल्या चेंजरचं तसंच मॅगझिन होतं, त्यातला ट्रे बसला. कान तुटण्याचं कारण बहुधा सीडीवर चिकटवलेलं कागदी लेबल. उन्हात त्याची कड उचकटते, ट्रे अडतो, आणि मॅगझिन हिसका देऊन बाहेर काढावं लागतं. त्या कप्प्यातल्या सीडीवर असंच लेबल होतं. तेव्हापासून चेंजरमध्ये लेबल लावलेली सीडी जात नाही. ८ सेंटिमीटरच्या छोट्या सीडीला रिंग लावून घालण्याचा प्रकारही इथे धोक्याचा, १२ सेंटिमीटरची गोल सीडी सोडून दुसरं काही घालूच नये.

गाणं तुटण्याचं कारण ऐकून मात्र मला वाईट वाटलं, कारण ते इतकी वर्षं कोणाच्याही एका मिनिटात लक्षात आलं असतं. चेंजरच्या आतलं यंत्र स्प्रिंगांवर आणि तेल भरलेल्या रबरी गादीवर टांगलेलं असतं. डबा आडवा बसवायचा की उभा, त्याप्रमाणे स्प्रिंगांचा कोन बदलावा लागतो, आणि त्यासाठी डब्याच्या दोन्ही बाजूंना खुणा केलेल्या फिरवायच्या चकत्या असतात. आमचा डबा उभा बसवलेला. एका बाजूची चकती उभ्या खुणेवर, दुसऱ्या बाजूची आडव्या खुणेवर. कधीतरी पत्र्याच्या कामासाठी डबा काढला असेल आणि परत बसवताना एकच बाजू बघितली असेल. यंत्र आत तिरकं लोंबकळत होतं, आणि जरा धक्का बसला की डब्याला टेकत होतं. दुसरी चकती फिरवली, बस्स. नवा किंवा जुना चेंजर विकत घेऊन बसवणाऱ्यांनी याच्या जोडीला आणखी एक बघावं. वाहतुकीत यंत्र हलू नये म्हणून लावलेले स्क्रू बसवण्याआधी काढायचे असतात. ते राहिले तर स्प्रिंगा असून नसल्यासारख्या. काढलेले स्क्रू जपून ठेवावेत, डबा पुन्हा कुठे पाठवायचा झाला तर लागतात.

शिट्टीसाठी काकांना दहा मिनिटंही लागली नाहीत. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर स्वर चढतो म्हणजे ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, आणि ती आवाजात शिरते ती बहुतेकदा अर्थिंग कच्चं असल्यामुळे. चेंजरची काळी वायर जिथे पत्र्याला स्क्रूने लावली होती तिथे रंगाखाली गंज होता. पत्रा घासून चकचकीत केला, वायरला नवं टोक लावलं, स्क्रू आवळला. गाण्याच्या सुरुवातीला फक्त तंबोरा लागलेला असतो तेव्हा ही शिट्टी मला सगळ्यात जास्त टोचायची. आता तिथे फक्त तंबोरा आहे.

हे सगळं करण्याआधी त्यांनी बॅटरी सोडली होती, आणि त्याआधी मला रेडिओचा चोरीपासून संरक्षणाचा कोड विचारला होता. बऱ्याच जुन्या रेडिओंना वीज तुटली की कोड मागायची सवय असते, आणि कोड नसला की चांगला रेडिओ मुका होऊन बसतो. बाबांनी तो पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. तुमच्या गाडीचा कोड कुठे आहे ते बॅटरीला हात लावण्याआधी शोधा.

आता वापराबद्दल. वर्षभरात चेंजर दोनदा थांबला. एकदा गाडी दुपारभर उन्हात बंद उभी होती. आतली उष्णता वाढली की असे चेंजर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतात, आणि थंड झाल्यावर चालू होतात. तसंच झालं. दुसऱ्यांदा गारठ्यातून आलेल्या गाडीत एकदम दमट हवा शिरली आणि लेन्सवर बाष्प धरलं. मॅगझिन बाहेर काढून तासभर डिकी उघडी ठेवली, मग ठीक. या दोन्ही वेळा घाबरून काही उघडायची गरज नव्हती.

सीडींच्या बाबतीत हा चेंजर चोखंदळ आहे, आणि ते समजून घेतलं तर त्याच्याशी जमतं. कारखान्यात छापलेली सीडी तो ओरखड्यांसकट वाजवतो. त्याचं कारण मला फार आवडलं. लेसरचा झोत सीडीच्या पारदर्शक पृष्ठभागावर पडतो तेव्हा जवळजवळ ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि आत माहितीच्या थरावर पोचेपर्यंत दीड-दोन मायक्रोमीटरचा होतो. त्यामुळे वरची धूळ आणि बारीक ओरखडे त्याच्या दृष्टीने धुक्यासारखे, त्यातून आरपार दिसतं. उलट छापील बाजू नाजूक. माहितीचा थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, आणि तो खरवडला तर काही उरत नाही. सीडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसली आणि ओरखडा पडला तर तो ओळीला समांतर जातो, आणि यंत्राला एका दमात बरीच माहिती गमवावी लागते. आडव्या ओरखड्यातली तूट ते हिशेबाने भरून काढतं.

घरी लिहिलेल्या साध्या सीडी बहुतेक चालतात. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी मात्र चालत नाहीत. त्यांच्यावरून छापील सीडीच्या मानाने फार कमी उजेड परत येतो, आणि या वयाच्या लेसरला तो पुरत नाही. लिहिताना ऑडिओ सीडी म्हणूनच लिहायची आणि शेवटी ती पूर्ण बंद (फायनलाइझ) करायची, म्हणजे तिच्यावर पुढे काही लिहिता येणार नाही अशी. एमपीथ्रीच्या फाइल भरलेली सीडी माझ्या चेंजरला समजत नाही. बाबांच्या अक्षरातल्या सगळ्या सीडींच्या मी प्रती केल्या. मूळ सीडी घरात कपाटात, काळोखात ठेवल्या आहेत, कारण लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. गाडीत प्रती फिरतात.

आवाज? मला तो फोनवरून ब्लूटूथने येणाऱ्या आवाजापेक्षा भरीव वाटतो, विशेषतः तबल्याचा बायां. यात गाडीच्या स्पीकरचा आणि माझ्या आवडीचाही भाग आहे. पण सीडीवर आवाज न आवळता पूर्णच्या पूर्ण लिहिलेला असतो, आणि इथे तो तारेतून थेट येतो, एवढं खरं.

गैरसोयी मी लपवणार नाही. एका सीडीवरून दुसरीवर जायला माझ्या घड्याळाने ९ ते ११ सेकंद लागतात, तेवढा वेळ शांतता. पडद्यावर गाण्याचं नाव येत नाही, फक्त सीडीचा आणि गाण्याचा क्रमांक. कुठल्या कप्प्यात काय आहे ते पाठ असावं लागतं. मी सन व्हायझरला एक चिठ्ठी लावली आहे. सीडी बदलायची तर गाडी थांबवून डिकी उघडायची. मॅगझिनमध्ये छापील बाजू वर की खाली हे चेंजरप्रमाणे बदलतं, मॅगझिनवरचं चित्र बघूनच भरावं, उलटी सीडी घातली की रेडिओ नुसता एररचा आकडा दाखवतो. ते आकडेही प्रत्येक कंपनीचे वेगळे. आपल्या पुस्तिकेतलं ते पान फोटो काढून ठेवलेलं बरं.

ज्यांच्याकडे सीडीच नाहीत त्यांनी चेंजर दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. चेंजरच्याच केबलला जोडायचे ॲडॉप्टर मिळतात. ते रेडिओला आपण चेंजर असल्याचं भासवतात आणि फोनचा आवाज आत सोडतात. डॅशबोर्ड न फोडता काम होतं, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य आहे. लेसर खरोखर संपला असेल, जाळीची उंचीच उरलेली नसेल, तर नवा लेसर मिळेल का ते आधी बघावं आणि मगच खर्चाचा विचार करावा. बदलताना तो स्थिर विजेने सहज मरतो, म्हणून ते काम घरी करू नये असं मला वाटतं. ग्रीस बदलणं, पिना साफ करणं, चकत्या जुळवणं, ट्रे बदलणं, हे हात स्थिर असलेल्या कोणालाही जमण्यासारखं आहे. मी आता स्वतः करीन.

आणि काकांची सर्व्हिस. त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली, कारण दुरुस्तीनंतर गार सकाळी स्वतः ऐकल्याशिवाय त्यांना ती द्यायची नव्हती. तुटलेला ट्रे कागदात गुंडाळून परत दिला. काय काय केलं ते वहीच्या पानावर लिहून दिलं, न केलेलंही लिहिलं: सीडी फिरवणारी मोटर थोडी थकली आहे, आज चालते. ती जाईल तेव्हा आधी पहिलं गाणं लागणं बंद होईल आणि पुढची लागतील, कारण सीडी आतल्या कडेला मिनिटाला जवळजवळ ५०० फेरे घेते आणि बाहेर पोचेपर्यंत २०० वर येते. थकलेल्या मोटरला आधी जास्त वेग झेपेनासा होतो. तेव्हापासून मी प्रत्येक सीडीचं पहिलं गाणं लक्ष देऊन ऐकते. अजून सगळी लागतात. चेंजरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काकांनी मार्करने ग्रीसची तारीख लिहिली आहे, आणि तिच्याखाली पुढच्या तारखेसाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.